छपराच्या पुलाजवळचा डबा : प्रकल्प नोंदी

18 मार्च 2023

आज ठरवलं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधलं कॉर्निश आणि व्हरमाँटमधलं विंडसर यांना जोडणाऱ्या छपराच्या लाकडी पुलाजवळ जिओकॅशिंगचा एक डबा ठेवायचा, आणि तो असा ठेवायचा की शोधायला येणारा माणूस पुलाला हातही न लावता पूल समजून घेऊन जाईल. न्यू हॅम्पशायरमधल्याच लेबनन गावातल्या आमच्या घरापासून पूल अर्ध्या तासावर आहे. परवाच्या वादळाचं बर्फ अजून कडेला साचलेलं आहे, कनेक्टिकट नदीच्या काठाने बर्फाचे तुकडे वाहताहेत, आणि पलीकडे व्हरमाँटमध्ये अ‍ॅस्कटनीचा डोंगर पांढराशुभ्र.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कुणीतरी एक डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर देतं. आपण जीपीएस घेऊन तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवून यायचं. 2 मे 2000 रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. त्याआधी शंभरेक मीटर इकडेतिकडे होणारं यंत्र एका रात्रीत झाडापर्यंत नेऊन पोचवू लागलं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ओरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ पहिली बादली लपवली आणि इंटरनेटवर तिचे आकडे जाहीर केले. आज हे डबे जगभर आहेत.

पण डबा ऐतिहासिक जागी असला की एक धोका असतो. शोधणारे हात सगळीकडे जातात. फटीत बोटं घालतात, फळी हलवून बघतात, दगड उचलतात. एकाने केलं तर काही होत नाही, शेकड्यांनी केलं की होतं. म्हणून या प्रकल्पाची पहिली अट: पुलावर काहीही नाही. चुंबकाची डबीसुद्धा नाही.

2 एप्रिल 2023

नियम पुन्हा नीट वाचले. दोन डब्यांमध्ये किमान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर हवं. जमीन खणायची नाही. झाडाला खिळा ठोकायचा नाही. खाजगी जमीन असेल तर मालकाची स्पष्ट परवानगी हवी. आपल्याला अनेक टप्प्यांचा डबा करायचा आहे. आधीच्या टप्प्यांवर काही ठेवायचं नाही, तिथे फक्त बघून उत्तरं गोळा करायची आणि त्या आकड्यांवरून शेवटच्या डब्याचा ठिकाणा काढायचा. अशा टप्प्यांना अंतराचा नियम लागत नाही. त्यामुळे पुलाच्या दोन्ही टोकांना प्रश्न ठेवता येतील आणि डबा लांब, वर कुठेतरी.

जवळच ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराचं घर आहे. ते आता राष्ट्रीय उद्यान सेवेकडे असल्यामुळे तिथे डबा ठेवण्याचा विचारच नको. विंडसरच्या बाजूने रेल्वेचे रूळ जातात, तीही बाजू नको. उरतं कॉर्निशकडचं चढावरचं कुरण.

जागा हेरताना दगडी गडगे मोहात पाडतात. या भागात जुन्या शेतकऱ्यांनी शेतं साफ करताना निघालेल्या धोंड्यांचे गडगे घातले. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. डबा लपवायला यापेक्षा सोयीची फट मिळणार नाही, आणि म्हणूनच मला तिथे ठेवायचा नाही. डबा सापडेना झाला की लोक गडगा उसकटायला लागतात. महाडला आमच्या घरामागे असाच एक गडगा होता. त्याचा एक दगड निखळला की पुढच्या पावसात हातभर गडगा खाली यायचा.

16 एप्रिल 2023

पुलाबद्दल जे जमवलं ते इथे लिहून ठेवते. प्रश्न यातूनच काढायचे आहेत.

या जागी पहिला पूल 1796 मध्ये झाला. आताचा चौथा. आधीचे तिन्ही पुरांनी नेले. हा 1866 मध्ये बेला फ्लेचर आणि जेम्स टास्कर यांनी बांधला, खर्च 9,000 डॉलर. जवळच्या एका माळावर त्यांनी आधी सगळी लाकडं आडवी मांडून, खाचा पाडून, जुळवून घेतली आणि मग नदीवर आणून उभी केली. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. दोन गाळे, प्रत्येक दोनशे फुटांहून थोडा जास्त, मध्ये एकच खांब. टोल 1943 पर्यंत घेत होते. 1970 मध्ये अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने त्याला ऐतिहासिक अभियांत्रिकी स्मारक ठरवलं. 2008 मध्ये ओहायोत स्मोलेन-गल्फ पूल झाला तोवर हा देशातला सर्वांत लांब छपराचा पूल होता. आजही त्यावरून रोज गाड्या जातात.

लांबी मात्र प्रश्नात घ्यायची नाही. कुठे 449 फूट छापलेली आढळते, कुठे 460. मोजणी कुठून कुठे केली यावर ते ठरतं. शोधणाऱ्याला उत्तर डोळ्यांनी दिसलं पाहिजे, त्याने फोनवर शोधत बसू नये.

रचना इथिएल टाऊन यांची, जाळीची. 1820 चं पेटंट. दोन्ही बाजूंना तिरप्या लाकडांची जाफरी, वर-खाली लांब तुळया, आणि लाकूड एकमेकांना छेदतं तिथे सांधा. टाऊन यांच्या कल्पनेचं मोठेपण असं की तिला कसलेला सुतार लागत नव्हता. एकाच मापाच्या फळ्या, गिरमिटाने भोकं, ओकच्या खुंट्या. गावातला कुठलाही सुतार ते करू शकत होता. फुटामागे एक डॉलर ते हक्क म्हणून घेत. फ्लेचर-टास्कर यांनी मात्र साध्या फळ्या न वापरता जाड चौकोनी लाकडं घेतली आणि जिथे ती छेदतात तिथे खाचा पाडून एकमेकांत बसवली. काम कितीतरी पटींनी वाढलं. पण पुलाच्या तोंडाशी उभं राहून ती जाळी बघितली की ते का केलं हे कळतं.

प्रवेशावर ती प्रसिद्ध पाटी आहे: घोडे चालवत न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. दुडक्या चालीने एका ठेक्यात पडणाऱ्या टापांनी पूल हादरतो, ही त्यामागची काळजी. दंडाचा आकडा हा आपला पहिला प्रश्न.

सीमेची भानगडही प्रश्नात घेण्यासारखी आहे. 1764 मध्ये इंग्लंडच्या राजाने नदीचा पश्चिम काठ ही हद्द ठरवली. पुढे दोन राज्यांचं भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 1933 मध्ये निकाल लागला की हद्द पश्चिमेकडच्या काठावर, पाणी उतरलेलं असतानाच्या रेषेवर. म्हणजे विंडसरकडून पुलावर पाऊल ठेवलं की जवळजवळ लगेच माणूस न्यू हॅम्पशायरमध्ये येतो. पूल न्यू हॅम्पशायरचा, आणि दुरुस्तीचा भारही मुख्यतः त्यांच्यावर.

23 एप्रिल 2023

प्रश्नांचा आराखडा झाला. चार उत्तरं: दंडाचे डॉलर, या जागेवरचा कितवा पूल, नदीत उभे असलेले खांब, टोल बंद झाल्याच्या वर्षाचा शेवटचा अंक. सगळं बाहेर उभं राहून दिसतं किंवा माहितीफलकावर वाचता येतं.

लेकीचं म्हणणं होतं की आत जाऊन जाळीतले सांधे मोजायला लावू, खरी मजा त्यात आहे. पण आत पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी वाट नाही. उन्हातून एकदम अंधारात शिरणाऱ्या गाडीवाल्याला कडेला थांबून मोजत असलेलं मूल दिसेल याची खात्री कोण देणार? डब्याच्या पानावर मी ठळक लिहिणार आहे की थांबून बघायचं ते तोंडाशी, आत नाही.

दुसरं कारण तांत्रिक आहे. छपराखाली जीपीएसवर भरवसा ठेवता येत नाही. उपग्रहाचा संदेश ओल्या लाकडातून क्षीण होऊन येतो किंवा आजूबाजूला आपटून उशिरा येतो, आणि यंत्र तेवढं अंतर जास्त धरतं. आज मधोमध असताना फोन मला पुलाच्या बाहेर, वरच्या अंगाला दाखवत होता.

आकड्यांचंही एक लिहून ठेवते. आपण अंश आणि मिनिटं, मिनिटाचे तीन दशांश, अशी मांडणी वापरतो. अक्षांशातला शेवटचा अंक एकाने बदलला तर जमिनीवर 1.85 मीटर सरकतो. रेखांशातला इथे, साडेत्रेचाळीस अंशांवर, फक्त 1.35 मीटर. महाडला तोच अंक पावणेदोन मीटर सरकवतो, कारण विषुववृत्ताकडे रेखांशाच्या रेषा एकमेकींपासून लांब होत जातात. म्हणून पूर्व-पश्चिम चूक इथे कमी महाग पडते, दक्षिणोत्तर चूक सांभाळायला हवी.

7 मे 2023

डबा कसला करायचा यावर बरेच दिवस डोक्यात चाललं होतं. बाजारातला झाकणाचा प्लास्टिक डबा आत असेलच, पण बाहेर काय? आज ठरलं ते मला मनापासून आवडलंय.

दोन छोट्या जाळ्या करायच्या, टास्करच्या पद्धतीने खाचा पाडून. हेमलॉकचं लाकूड, जवळच्या गिरणीतून रंधा न मारलेलं आणलं. खुंट्या ओकच्या. दोन्ही जाळ्या एकाच ओंडक्याच्या, एकाच मापाच्या, रंग-तेल काही नाही. एकीवर देवदाराच्या पातळ फळ्यांचं उतरतं छप्पर आणि बाजूंना आडोसा. दुसरी उघडी. दोन्ही एकाच खांबावर शेजारी शेजारी. डबा छपराच्या जाळीमागे, आणि तो उघडायला एक खुंटी ओढायची.

म्हणजे जो येईल त्याला पुलाला छप्पर का असतं याचं उत्तर वाचावं लागणार नाही, ते समोर घडत असेल. आज करवत, पटाशी, गिरमिट बाहेर काढलं. पहिल्या चार खाचा पाडल्या. खाच लाकडाच्या बरोबर निम्म्या जाडीची हवी, केसभर खोल गेली तर सांधा खुळखुळतो.

28 मे 2023

दोन्ही जाळ्या तयार. अंगणात उघड्यावर ठेवल्या आहेत, इथूनच त्यांचं ऊन-पाऊस मोजायला सुरुवात.

खुंट्यांबद्दल एक गोष्ट करताना हाताला कळली. ओकची खुंटी पूर्ण वाळवून घ्यायची आणि जरा ओलसर असलेल्या लाकडात ठोकायची. मग खुंटी आजूबाजूचा ओलावा घेऊन फुगते आणि हेमलॉक वाळताना तिच्याभोवती आवळत जातं. आठवड्याने ती हाताने निघत नाही. डबा उघडायची खुंटी तेवढी सैल ठेवली आहे, मेण लावून.

ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र आणलं. आज दोन्ही जाळ्यांच्या सांध्यांत सारखाच आकडा, 17 टक्क्यांच्या आसपास. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला पाणी लागतं. वीस टक्क्यांच्या खाली ती वाढत नाही आणि तिशीच्या आसपास पोचलं की तिला रान मोकळं मिळतं. छपराच्या पुलाचं सगळं शास्त्र या दोन आकड्यांमध्ये आहे.

24 जून 2023

आई महाडहून आली आहे. आज तिला पूल दाखवला. दोन्ही तोंडांकडून बघितल्यावर तिने विचारलं, "पावसासाठी छप्पर, ते कळलं. पण खालून एवढी नदी वाहते, तिच्या दमटपणाचं काय गं?"

प्रश्न अगदी नेमका होता. मी तिला सांधा दाखवला. "आई, हवेतल्या दमटपणाने लाकूड एवढं भिजत नाही. वरून पडलेलं पाणी खाचेत शिरतं ना, ते तिथे बसून राहतं. वरचं वाळतं, आतलं वाळत नाही. कुजायला सुरुवात तिथून."

"म्हणजे वळचणीखालचा वासा टिकतो आणि पागोळीखालचा जातो, तसंच की."

तसंच. आमच्या जुन्या घराचे वासे तिने तीनदा बदलून घेतलेले आहेत, तिला हे माझ्याआधीपासून ठाऊक होतं. उघडा लाकडी पूल वीसेक वर्षांत जायचा, छपराचा शंभरी ओलांडतो. छप्पर बदलता येतं, फळ्या बदलता येतात, आतली जाळी कोरडी राहिली पाहिजे.

मग तिने हिवाळ्याचं विचारलं. घोड्यांच्या घसरगाड्यांना चालायला बर्फ लागतं आणि छपराखाली तर बर्फ पडत नाही. तेव्हा माणसं फावड्यांनी बर्फ आत आणून पसरायची. हे ऐकून आई कितीतरी वेळ पुलाच्या आतल्या अंधाराकडे बघत उभी होती. म्हणाली, "पाणी बाहेर ठेवायला छप्पर, आणि बर्फ आत आणायला माणूस. कामाला कधी तोटा नसतो."

तिला प्रश्नांची वही देऊन एकटीला सोडवायला सांगितलं. चारही उत्तरं बरोबर. फलकाचं इंग्रजी तिने हळूहळू, बोट ठेवून वाचलं. याचा अर्थ प्रश्न नीट झाले आहेत, ज्याला खेळ माहीत नाही त्यालाही सुटतात.

13 जुलै 2023

दहा-अकरा तारखेच्या पावसाने व्हरमाँटची दैना केली. राजधानी माँटपेलिअरचा बाजार पाण्याखाली गेला, आपल्याच बाजूचं लडलो गावही. आज आई आणि मी नदी बघायला गेलो. पाणी तपकिरी, फुगलेलं, ओंडके वाहत होते. पूल उभा आहे.

आई काही वेळ बोलली नाही. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र महाडमध्ये कुणी विसरलेलं नाही. सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला आणि त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि आणखी वाहनं. पूल गेला हे कळलं नाही म्हणून अंधारात मागून येणारे पुढे गेले. मी तेव्हा इथे होते, फोनला चिकटून.

इथेही लोकांना असं एक वर्ष आहे. 28 ऑगस्ट 2011, आयरीन वादळ. इथून दक्षिणेला व्हरमाँटमध्येच बार्टन्सव्हिलचा 1870 चा छपराचा पूल त्या दिवशी गेला. पात्राने काठाखालचं भरण खाल्लं, टेकू सरकला आणि अख्खा पूल छपरासकट नदीत उतरून वाहत गेला. कुणीतरी ते चित्रित केलं होतं, ते अजून बघवत नाही. गावाने हट्टाने तिथे पुन्हा छपराचाच पूल बांधला, 2013 मध्ये तो सुरू झाला. त्याच वादळात न्यूयॉर्क राज्यातला 1855 चा ब्लेनहाइम पूलही गेला.

आपल्या प्रकल्पासाठी निर्णय: डबा पूररेषेच्या चांगला वर. शोधणाऱ्याने कोणत्याही ऋतूत नदीकडे उतरायचं कारण असता कामा नये. पानावर हेही लिहायचं की पाणी चढलेलं असेल तर येऊच नका.

30 जुलै 2023

कुरणाच्या मालकांना भेटले. सत्तरीच्या पुढचे, त्यांच्या आजोबांपासून जमीन त्यांच्याकडे. मी जाळ्यांचा खांब गाडीतून उतरवून दाखवला. त्यांनी खाचांवरून अंगठा फिरवला, खुंटी ओढून बघितली, आणि पहिला प्रश्न विचारला, "छप्पर नसलेली किती वर्षं टिकेल असं तुम्हाला वाटतं?"

"माहीत नाही, तेच बघायचं आहे."

"मग ठेवा. पण खांब माझ्या कुंपणाच्या ओळीतच उभा करा, गवत कापताना आडवा यायला नको. आणि लोकांनी सूर्य मावळल्यावर यायचं नाही."

शेवटच्या अटीचं कारण त्यांनी सांगायची गरज नव्हती. याच काउंटीत न्यूपोर्टचा कॉर्बिन पूल 1993 मध्ये कुणीतरी पेटवून दिला. गावाने पुढच्या वर्षी तसाच दुसरा बांधला. शतकभर वाळलेल्या लाकडाला एक काडी पुरते. त्यामुळे रात्री पुलाजवळ विजेऱ्या फिरताना दिसल्या की इथल्या माणसाचा जीव वरखाली होतो, आणि ते योग्यच आहे. डबा फक्त दिवसा, हे पानावर पहिल्या ओळीत.

परवानगी त्यांनी कागदावर लिहून दिली. जुना कुंपणाचा खांब काढून त्याच्याच खड्ड्यात आपला बसवला, नवीन खणावं लागलं नाही. उंची छातीएवढी, म्हणजे बर्फातही सापडेल.

12 ऑगस्ट 2023

वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आकड्यांची सरासरी काढली. उपग्रह आकाशात फिरत असतात, एका वेळी घेतलेली सगळी मोजमापं एकाच बाजूला चुकतात. म्हणून वेगळ्या दिवशी परत जाणं महत्त्वाचं, तिथेच तासभर उभं राहून उपयोग नाही.

डब्यात ठेवलं: ओल्यातही लिहिता येणाऱ्या कागदाची वही, दोन पेन्सिली (शाई थंडीत गोठते), एक छोटी पट्टी, आणि जाळ्यांबद्दल अर्ध्या पानाची माहिती इंग्रजीत आणि मराठीत. खाऊ अजिबात नाही, या भागात अस्वलं आहेत. शोधण्याचा अवघडपणा पाचपैकी दोन, वाटेचा दीड.

डब्याचं पान संकेतस्थळाच्या तपासनीसांकडे पाठवलं. हे सगळे स्वयंसेवक असतात.

19 ऑगस्ट 2023

तपासनीसांनी दोन गोष्टी विचारल्या: मालकाची परवानगी कोणत्या स्वरूपात आहे, आणि आधीच्या टप्प्यांवर खरंच काही ठेवलेलं नाही ना. उत्तरं दिली. संध्याकाळी पान जाहीर झालं.

20 ऑगस्ट 2023

पहिली शोधकर्ती सकाळीच येऊन गेली. ती नर्सची रात्रपाळी संपवून घरी जाताना थांबली होती. तिने नोंदीत लिहिलंय की ती रोज या पुलावरून जाते आणि पाटीवरचा दंड आज पहिल्यांदा वाचला. इतकं पुरे आहे मला.

8 ऑक्टोबर 2023

पानगळीचे रंग. 12ए रस्त्यावर गाड्यांची रांग, पुलाच्या तोंडाशी फोटोवाल्यांची गर्दी. रोज कुणी ना कुणी डब्याशी येतंय. न्यू जर्सीहून आलेल्या एका मराठी कुटुंबाने वहीत देवनागरीत चौघांची नावं लिहिली आहेत, खाली मुलाच्या अक्षरात "आम्ही खुंटी परत लावली". त्या मुलाला माझा नमस्कार.

कुंपणालगत गवतात पाऊलवाट उमटायला लागली आहे. ती एकाच ओळीत राहावी म्हणून पानावर दिशा बदलून लिहिली: फाटकापासून कुंपण डाव्या हाताला धरून चालायचं, कुरण तिरपं कापायचं नाही. मालकांशी बोलले. त्यांना चालेल, गायी दुसऱ्या बाजूला आहेत.

टास्करचे कॉर्निशमधले बाकीचे पूल, ब्लो-मी-डाऊन (1877), ब्लॅकस्मिथ शॉप (1881) आणि डिंगलटन हिल (1882), यांचाही उल्लेख पानावर जोडला. सगळे लहान, ओढ्यांवरचे. गर्दीच्या दिवसांत ज्यांना निवांत बघायचं आहे त्यांनी तिकडे जावं. त्यांच्याजवळ बसलं की आमच्याकडच्या साकवांची आठवण येते, ओढा ओलांडून पलीकडच्या चार घरांना गावाशी जोडण्यापुरतंच ज्यांचं काम.

18 नोव्हेंबर 2023

हरणांच्या शिकारीचा मोसम. पानावर सूचना: भडक केशरी जाकीट घालून या, नाहीतर मोसम संपेपर्यंत थांबा.

पावसानंतर दोन दिवसांनी ओलावा मोजला. छपराखालच्या सांध्यात 16. उघड्या जाळीत, खाचेत सुया घातल्यावर, 31. तिचंच लाकूड सांध्यापासून चार इंच दूर मात्र 19. आईला जे तोंडी सांगितलं होतं ते आज आकड्यांत दिसलं. त्याच लाकडात, त्याच पावसात, जेमतेम चार इंचांवर इतका फरक! फ्लेचर-टास्कर यांनी हजारो खाचा पाडल्या. म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या हजारो जागा. तरीही त्यांनी ती पद्धत निवडली, कारण वर छप्पर असणार होतं. खाच आणि छप्पर हा एकच विचार आहे, दोन वेगळे नाहीत. माहितीपत्रकात हे वाक्य घालायचं आहे.

27 जानेवारी 2024

गुडघाभर बर्फ. डबा सापडतोय, उंचीचा निर्णय योग्य ठरला.

उघड्या जाळीच्या दोन खुंट्या हाताने हलतात. कुजल्या नाहीत, थंडीत कुजणं थांबलेलंच असतं. झालंय असं की भिजली की खुंटी फुगते, खाचेच्या भिंतीशी दाबली जाऊन तिचे धागे चेपतात, आणि वाळल्यावर ती पहिल्यापेक्षा बारीक होते. हे पुन्हा पुन्हा झालं की सांधा ढिला. सांधा ढिला झाला की जाळी वजन नीट वाटून घेत नाही आणि एखाद्याच लाकडावर भार येतो. खऱ्या पुलात हेच शतकभर हळूहळू चालतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस दुरुस्तीसाठी पूल बंद ठेवला होता. तेव्हा खालच्या लांब तुळयांसाठी पातळ फळ्या एकमेकींना चिकटवून केलेलं लाकूड घातलं, 1989 मध्ये तो पुन्हा खुला झाला. जुन्या पद्धतीने जुनंच लाकूड घालायला हवं होतं असं म्हणणारे सुतार तेव्हाही होते. मला त्यांचं म्हणणं समजतं. तरी ज्या पुलावरून आज रुग्णवाहिका जाते, त्या पुलाच्या बाजूने माझं मत पडतं.

9 एप्रिल 2024

काल सूर्यग्रहण होतं. उत्तरेकडे जाणाऱ्या आय-91 महामार्गावर गाड्यांच्या रांगा. खग्रास बघायला निघालेल्या बऱ्याच जणांनी वाटेत डबा शोधला, वहीचं एक पान कालच भरलं. इथे सूर्याची कोर उरली होती. एकाने लिहिलंय की पुलाच्या फटींतून आत पडलेले उन्हाचे ठिपके सगळे चंद्रकोरी झाले होते. मी तेव्हा बर्लिंग्टनला होते. हे बघायला मी इथे असायला हवं होतं असं वाटलं.

पाणी चढलं आहे, बर्फ वितळतंय. पानावर पुराची सूचना पुन्हा वर आणली.

19 मे 2024

वर्ष होत आलं. छपराची जाळी: रंग मधासारखा, खुंट्या घट्ट, सांध्यात 15. उघडी: राखाडी, टोकांना चिरा, दोन सांध्यांत काळपट डाग, आणि एका खाचेत पटाशीचं टोक जरा दाबलं तर आत जातं. कुजायला सुरुवात झाली आहे.

मालक कुंपण दुरुस्त करायला आले होते. त्यांना सांधा दाखवला. म्हणाले, "काढू नका. पडेपर्यंत राहू द्या. लोकांना दिसू दे."

मीही तेच ठरवलं होतं. फक्त उघडी जाळी सुटून कुणाच्या पायावर पडू नये म्हणून मागून स्टीलची तार बांधली. वही बदलली, जुनी घरी आणून तिची सगळी पानं स्कॅन केली. डब्यात ओलाव्याच्या नोंदींसाठी वेगळं कार्ड ठेवलं आहे: यंत्र ज्याच्याकडे असेल त्याने दोन्ही जाळ्यांचा तिसरा सांधा मोजून तारखेसह आकडा लिहावा. पुढची तपासणी ऑक्टोबरच्या गर्दीआधी. तेव्हा देवदाराच्या दोन फळ्या बदलायच्या आहेत, पश्चिमेकडच्या. वारा तिकडून येतो.